पाच मिनिटांचे ३०० रुपये

‘आला, बघितलं, पाच मिनिटांत काम केलं आणि ३०० रुपये घेऊन गेला!’ मेकॅनिकची पाठ वळली की हा डायलॉग आपल्याकडे हमखास ऐकू येतो. त्याने दोन तास खाटखूट केली असती, घाम पुसला असता, तर तेच ३०० आपण खुशीत दिले असते. वर चहाही पाजला असता! म्हणजे आपण पैसे घामाचे देतो, बिघाड ओळखण्याचे देताना मात्र जिवावर येतं.

आमच्या पिढीने यावर जालीम उपाय काढलाय. व्हिडिओ बघा, पार्ट मागवा, शनिवारी मशीन उघडा. मी स्वतः याच पार्टीतली. नोकरी अकाउंट्समध्ये असली तरी माझ्या ड्रॉवरमध्ये टेस्टर, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट कायम तयार असतो. आणि खरं सांगू? घरातल्या कितीतरी तक्रारींना मेकॅनिक लागतच नाही.

चटणी वाटता वाटता मिक्सर गप्प झाला? मोटर जळाली असं लगेच धरून चालू नका. तो बंद करा, भांडं काढा, थोडं थंड होऊ द्या. बहुतेक मिक्सरच्या तळाशी ओव्हरलोडचं छोटं बटण असतं, बऱ्याचदा लाल. ते दाबा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही? प्लग काढा, आतलं गरम पाणी निवू द्या, मग खालच्या छोट्या झाकणामागचा फिल्टर उघडा. आमच्या मशीनमधून आजवर दोन नाणी, एक हेअरपिन आणि असंख्य बटणं निघालीत. पाणी भरायलाच वेळ लागतोय? नळी जिथे जोडतात तिथली जाळी काढून धुवा. टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये तर ती रेतीने गच्च भरलेली असते.

मग थांबायचं कुठे? माझा फंडा साधा आहे. प्लग काढल्यावर धोका पूर्ण संपतो का? संपत असेल तर बिनधास्त हात घाला. संपत नसेल तर फोन लावा.

मायक्रोवेव्हचंच घ्या. घरातली वीज २३० व्होल्टची, पण याच्या आत २००० व्होल्टहून जास्त दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरू शकतो. फ्रिजचा दरवाजा, रबर पुसणं आपलं काम. गॅसची लाइन मात्र अजिबात नाही. आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, तितकाच पेटणारा.

आणि गीझर! पुण्यात आम्ही दोघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या हिवाळ्यात बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. रूममेटचं निदान तयार होतं: हीटिंग एलिमेंट गेलं. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून नवीन आणू, रविवारी बसवू. मी म्हटलं, आधी इलेक्ट्रिशियन काकांना दाखवू.

काका आले. गीझरकडे बघितलंसुद्धा नाही, आधी सॉकेट उघडलं. ‘ताई, गीझरचं नंतर बघू. याच्या तिसऱ्या भोकाला वायरच नाही. अर्थिंग कुठाय?’ मग मेन बोर्ड बघितला. एमसीबी होते, पण आरसीसीबी नव्हती. एमसीबी शॉर्टसर्किट आणि ओव्हरलोडला पडते. माणसाच्या अंगातून जाणारी थोडीशी वीज तिच्या खिजगणतीतही नसते. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडते.

एलिमेंट खराब होतं, रूममेटचं निदान चुकलं नव्हतं. पण तेवढंच बदललं असतं तर झिणझिण्या थांबल्या असत्या आणि आम्ही खूश झालो असतो. पुढचं एलिमेंट फुटलं असतं तेव्हा अंघोळीला कोण असतं, कुणास ठाऊक. दुरुस्ती झालेली दिसली असती आणि धोका भिंतीत तसाच राहिला असता. व्हिडिओ तुम्हाला मशीन दाखवतो, तुमची भिंत दाखवत नाही. काकांना आपण त्या नजरेचे पैसे देतो.

याचा अर्थ डोळे मिटून बिल भरा असा नाही. जवळ उभं राहा, काय बिघडलं ते विचारा, काढलेला पार्ट मागून घ्या. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. घरगुती उपकरणं त्यात येतात. मॅन्युअल, सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती मागणं हा आगाऊपणा नाही, आपला हक्क आहे.

आज घरी गेल्यावर एक करा. कॉम्प्युटरवरचं काम सेव्ह करा आणि मेन बोर्डचं दार उघडा. आरसीसीबी असेल तर तिच्यावर ‘टेस्ट’चं छोटं बटण सापडेल. दाबा. वीज जायलाच हवी. गेली नाही, किंवा बटणच सापडलं नाही, तर स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्येच राहू द्या आणि काकांना फोन करा.