वऱ्हाड लंडनला जाऊन आले

मराठवाड्यातल्या एका खेड्यातला मुलगा विलायतेला जातो, तिथल्या गोऱ्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आणि सारे वऱ्हाड गावाकडून लंडनला निघते. प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाची गोष्ट एवढीच. पण बाया, बाप्ये, पोरे, म्हातारे अशी ५२ पात्रे हा एकटा माणूस उभी करी. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. २००९ साली डॉ. देशपांडे गेले. पुढे संदीप पाठक या नटाने तो प्रयोग पुन्हा उभा केला. आमच्या लहानपणी त्याची कॅसेट पानठेल्यावरही लागलेली असे आणि माणसे विडा तोंडात धरून हसत. आमच्याकडे वऱ्हाड म्हटले की आधी अमरावती-अकोला आठवते, त्यामुळे ऐकणारे निम्मे लोक ती मंडळी आपल्याच बाजूची धरून चालत.

डॉ. देशपांडे औरंगाबादेला (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवीत. त्या विद्यापीठाचे नाव आपल्या घराघरात कशासाठी माहीत आहे, हे वाचकांना सांगावयास नको. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तो जुलै १९७८ मध्ये. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळली, आणि नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. म्हणजे ज्या वर्षांत रंगमंचावर एक गाव हसत-खेळत विमानात बसत होते, त्याच्या आगेमागेच त्याच मुलखातली आपली कित्येक कुटुंबे गाठोडी बांधून गाव सोडत होती. हा त्या नाटकाला दोष नव्हे. तो प्रयोग पाहून आम्हीही पोट धरून हसलो आहोत. त्यातल्या हसण्यात विष नाही, कारण हसविणारा त्याच मातीतला आहे आणि माणसांवर त्याची माया आहे.

पण नाटकाचे नाव पुढे म्हण झाले, आणि म्हण कुणाच्याही तोंडी जाते. कुणी गरीब माणूस चार पिशव्या घेऊन आगगाडीच्या वातानुकूलित डब्याकडे वळला की, ‘निघालं वाटतं वऱ्हाड लंडनला!’ हे म्हणणाऱ्याच्या मनात मात्र माया असेलच असे नाही.

आमच्या वस्तीत, म्हणजे उत्तर नागपुरात, एक कुटुंब आहे. नाव देत नाही, वस्तीला ठाऊक आहे. दादा एम्प्रेस मिलमध्ये होते. २००२ साली मिल बंद पडली, त्यानंतर रात्रपाळीची चौकीदारी केली. वहिनींनी बिड्या वळल्या, पुढे मुलांचे डबे केले. त्यांच्या मुलीला राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली. सबंध महाराष्ट्रातून अनुसूचित जातीच्या ७५ मुलामुलींना वर्षाला ती मिळते, त्यात ही एक. लंडनच्या एका विद्यापीठातून तिने एम.ए. पूर्ण केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पदवीदान ठरले. मुलीने फोनवर सांगितले, तुम्ही दोघे आल्याशिवाय मी काळा गाऊन अंगाला लावणार नाही. वहिनींचे थोरले भाऊ रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, मी माझ्या पैशाने येतो, इंग्रजीची बाजू मी सांभाळतो. मामांचे इंग्रजी म्हणजे रेल्वेच्या फलाटावरचे, पण आवाज खणखणीत.

दादांनी कामावर रजा मागितली तेव्हा तिथल्या एका साहेबाने ते वाक्य टाकलेच. सारे हसले. दादाही हसले, पण घरी येऊन त्यांनी ते सांगितले आणि वहिनींनी अंग काढून घेतले. आम्ही अर्ज भरावयास बसलो होतो, तर म्हणतात, “भाऊजी, या दोघाईचाच भरा. मी नाही जात. मले ना बोलता येत, ना चालता येत त्या सरकत्या जिन्यावर. तिथं लोकं हासतील मले. मंग पोरीले खाली पाहा लागंल.”

हे ‘लोकं हासतील’ आम्ही वीस वर्षांच्या समाजकार्यात शंभरदा ऐकले आहे. बँकेत खाते काढायचे, लोकं हासतील. मुलाच्या शाळेत पालकसभेला जायचे, लोकं हासतील. साहेबाला विचारायचे की माझा कागद कुठे अडला, लोकं हासतील. आमच्या मते पैशाच्या टंचाईने जेवढी माणसे घरात बसवली, जवळजवळ तेवढीच या दोन शब्दांनी बसवली असतील.

आणि हसणारे नसतात असेही नाही. १९७७ साली इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर ‘माइंड युवर लँग्वेज’ नावाची मालिका सुरू झाली. लंडनमध्ये इंग्रजी शिकायला आलेले शीख, पाकिस्तानी, चिनी, इटालियन लोक, आणि त्यांचे मोडके इंग्रजी हाच सारा विनोद. आपल्या दूरदर्शनने १९९३ मध्ये त्याच धर्तीवर ‘जबान संभाल के’ आणली. तिथे हिंदी शिकणाऱ्यांची गंमत, आणि आपण हसलो. फासा उलटा पडला १९९८ साली, जेव्हा तिथेच वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलामुलींनी बीबीसीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा कार्यक्रम केला. त्यात मुंबईची टोळकी ‘इंग्लिश’ खायला जातात आणि तिथले सर्वांत बेचव काय ते मागवतात! गोरे लोक रात्री दारू पिऊन भारतीय हॉटेलात जो धिंगाणा घालीत, त्याचा तो आरसा होता. हसण्याची दोरी कुणाच्या हाती, एवढ्यानेच सगळे बदलते.

वहिनींना आम्ही ही मालिका-पुराणे ऐकविली नाहीत. फक्त म्हटले, “वहिनी, पोरगी एकटी गेली तेव्हा तिच्यावर कोणी हसलं नसंल का?” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आत जाऊन आपले आधार कार्ड घेऊन आल्या.

व्हिसाचा अर्ज हे एक वेगळेच प्रकरण. कारकुनी करून आमचे केस पिकले, पण इतके प्रश्न आम्ही कुणाला विचारले नाहीत. महिन्याची कमाई किती, खर्च किती, खर्च कोण करणार. गेल्या दहा वर्षांत कुठकुठल्या देशांत गेलात? दादा सहज म्हणाले, “चैत्यभूमी लिहा. दरवर्षी जातो.” तुम्ही परत याल हे कशावरून? त्यावर मात्र ते रागावले. “माझं घर इथं आहे, विहाराची वर्गणी माझ्याकडं आहे. तिथं राहून काय करीन?” आम्ही घराची कराची पावती जोडली. बोटांचे ठसे द्यायला तिघे मुंबईस जाऊन आले. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले, तिन्हींवर व्हिसा.

नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, पण तिथून लंडनला थेट विमान नाही. तेव्हा मंडळींनी मुंबईचा रस्ता धरला, तोही ६ डिसेंबर साधून. दादरला शिवाजी पार्कच्या मंडपात लाखो माणसांत हे तिघे सतरंजी टाकून झोपले, उशाला लंडनच्या बॅगा. पुस्तकांच्या स्टॉलवरून मामांनी आणखी पाच किलो वजन वाढविले. ८ तारखेला विमानतळावर काट्यावर बॅग चढली आणि तिथेच सगळा पसारा जमिनीवर निघाला. मुलीने फोनवर बजावले होते की दूध आणि मांस यांचे काहीही इंग्लंडमध्ये नेऊ देत नाहीत. वहिनींनी तूप ठेवले होते, पण संत्रा बर्फीत खवा असतो हे ऐनवेळी मामांना आठवले. दोन किलो बर्फी! ती त्यांनी रांगेतल्या लोकांना वाटून टाकली. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत राहिली, तिला तेल सुटलेले, ती तपासणीत गेली. पापड, कुरड्या आणि सावजी मसाला तेवढा पार झाला.

हिथ्रोला उतरल्यावर वहिनींनी रस्ताभर पाठ केलेले वाक्य तयार ठेवले होते, ‘माय डॉटर कॉन्व्होकेशन’. खिडकीतली बाई पंजाबी निघाली. तिने हिंदीतच विचारले, “बेटी ने क्या पढ़ा?” मामांची इंग्रजीची सारी तयारी वाया गेली, याचे त्यांना आजही वाईट वाटते. बाहेर पडले तर दुपारचे चार वाजण्याच्या आत अंधार. मामा घड्याळ हलवून पाहू लागले. डिसेंबरात तिथे सूर्य चारच्या आधीच बुडतो आणि आपल्यापेक्षा घड्याळ साडेपाच तास मागे असते.

मुलगी पाच विद्यार्थ्यांबरोबर एका घरात राहत होती, स्वयंपाकघर सामाईक. दुसऱ्या दिवशी वहिनींनी गॅसवर पापड भाजायला घेतले. तिसऱ्या पापडाला छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजू लागली. नियमाप्रमाणे साऱ्या घराने रस्त्यावर यायचे! कुणी टॉवेलवर, कुणी अनवाणी, बाहेर दात वाजविणारी थंडी, आणि मधोमध वहिनी, हातात चिमटा. घरमालकाने फोनवर सुनावले. पण त्यातला एक नायजेरियाचा पोरगा पुढे आला आणि चिमट्यातला पापड मोडून खाल्ला. मग उरलेलेही मागितले.

पापडावरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे की लंडनला शिकताना बाबासाहेबांना घरमालकिणीच्या जेवणाने पोट भरत नसे. रात्री दहाच्या सुमारास ते ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खात आणि वर कपभर दूध घेत. वहिनींना हे मुलीने तिथेच त्या रस्त्यावर सांगितले. “मंग त्याईच्या वेळी घंटी नव्हती हे बरं झालं,” असे त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेत मामा हरवले. तिथे सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे असते, डावी बाजू घाईवाल्यांची. मामा डावीकडे उभे, मागून लोक ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत, मामा दरवेळी ‘थँक यू’ म्हणत. त्या गडबडीत ते पुढे डब्यात शिरले आणि दारे लागली. हे तिघे फलाटावर, मामा काचेच्या आत हात हलवीत. फोन तिथे चालत नव्हता. मुलीच्या घराचा पत्ता त्यांना येत नव्हता. एकच पत्ता तोंडपाठ होता, १० किंग हेन्रीज रोड. तोच त्यांनी गणवेशातल्या एका माणसाला सांगितला. त्याने कागदावर गाडी लिहून दिली, चॉक फार्म स्टेशन सांगितले, आणि मामा विचारत विचारत त्या दारापुढे जाऊन उभे राहिले, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये घेतले. शांत वस्ती आहे, तिथे स्मारक झाल्यावर काही शेजाऱ्यांना माणसांच्या ये-जाचा त्रास वाटू लागला, वाद झाला, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने स्मारकाला परवानगी दिली. त्या शांत गल्लीत माकडटोपी घातलेल्या मामांनी निळी पाटी पाहिली आणि मोठ्याने जयभीम घातला. आतल्या माणसाने दार उघडले. मामांच्या डायरीत भाचीचा नंबर होता. अर्ध्या तासाने बाकीचे पोहोचले तेव्हा मामा आतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे बसले होते, चपला बाहेर काढून, त्या थंडीत.

पदवीदानाचे सांगायला फार नाही. वहिनी पांढरे लुगडे आणि वरून मुलीचा कोट घालून गेल्या. मुलीचे नाव पुकारले तेव्हा सभागृहात शांतता होती आणि मामांचा तोच खणखणीत आवाज उठला. पाचशे डोकी मागे वळली. काही लोक हसलेही. दादांनी मान खाली घातली. वहिनी मात्र उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवीत राहिल्या, पुढची तीन-चार नावे होईपर्यंत, ज्यांना त्या ओळखत नव्हत्या.

ही सगळी हकीकत आम्हांला कळली ती एका रविवारी, वंदनेनंतर. विहारात महिला मंडळाच्या बायांनी वहिनींना मध्ये बसविले. त्या आधी लाजल्या, मग उठून उभ्या राहिल्या. मामा झाल्या, घड्याळ हलविले. हिथ्रोची पंजाबी बाई झाल्या, चिडलेला घरमालक झाल्या, काचेआडचा हात हलविला, ‘थँक यू’ म्हटले. सतरंजीवर बाया लोळत होत्या. दादांचा साहेबही त्यांनी करून दाखविला, अगदी त्याच्या चालीसकट.

हसणे ओसरल्यावर मागे बसलेल्या एका बाईने, जिचा मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडे वळून विचारले, “भाऊजी, तो शिष्यवृत्तीचा फारम कधी निघते?” आम्ही सांगितले, जाहिरात बहुधा उन्हाळ्यात येते, आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश लागतो, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. तिने पदराच्या गाठीतून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि वंदनेच्या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर ते लिहून घेतले.