दिवा आणि दिपणे

'दीप्' या एकाच धातूपासून मराठीला परस्परविरोधी दोन गोष्टी मिळाल्या आहेत. दिव्याने दिसते, आणि डोळे दिपले की दिसेनासे होते. वर्गात व्युत्पत्ती शिकवताना हे उदाहरण आम्ही अनेकदा दिलेले आहे; त्यातले तथ्य अंगाने अनुभवण्याचा योग मात्र या हिवाळ्यात, सायकलला नवा दिवा लावल्यावर आला.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली अकरा वर्षे कर्वेनगरहून सेनापती बापट रस्त्याच्या दिशेने सायकलने जातो. अंतर सहाएक किलोमीटर. पहिला तास सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी असतो. पुण्यात जानेवारीच्या आरंभी सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हा सव्वासहाला घर सोडणाऱ्याने अंधार गृहीतच धरलेला बरा. इतकी वर्षे रस्त्यावरचे दिवे, सवय आणि घंटी एवढ्यावर निभावले होते. परंतु दिवाळीच्या सुट्टीत आमच्यापैकी एकीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेची घाई नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्रास निराळाच होता. डोळ्यातले भिंग गढुळू लागले, की आत येणारा प्रकाश विखुरतो. समोरून मोटार आली, की तिच्या दिव्यांभोवती पांढरे वलय पसरते आणि त्या वलयात खड्डा, कुत्रा, माणूस सारेच विरघळून जाते. घरच्यांनी निकाल दिला : सायकल बंद, स्कूटर घ्या. (स्कूटरवर बसलेल्याचे डोळे कमी दिपतात, असा शोध त्यांना कुठे लागला, कोण जाणे.) अखेर घासाघीस होऊन एक महिन्याची मुदत मिळाली. या महिन्यात चांगला दिवा लावून पाहायचा. नाही जमले तर सायकली विकायच्या.

सायकलचा दिवा म्हटले, की आमच्या पिढीला डायनमोच आठवतो. मागच्या टायरला टेकवलेली ती बाटलीसारखी वस्तू, तिची घरघर, आणि पायांना जाणवणारे तिचे ओझे. सहा व्होल्ट, तीन वॅट; त्यातला बहुतेक वाटा पुढच्या दिव्याला. चढावर वेग मंदावला, की प्रकाश पिवळा पडे आणि चौकात थांबलो, की दिवा विझे. म्हणजे जिथे दिसण्याची सर्वाधिक गरज तिथेच अंधार. आमच्या वडिलांच्या पिढीचा रॉकेलचा दिवा तर रस्ता दाखवण्यापेक्षा पोलिसाला दाखवण्यासाठीच अधिक असावा, असे त्यांच्या गोष्टींवरून वाटते. विनादिवा आणि डबलसीट हे त्या काळचे दोन प्रमुख गुन्हे. असो.

नवा दिवा अंगठ्याएवढ्या जाडीचा, मोबाइलसारखा चार्ज होणारा. डब्यावर ४०० ल्युमेन असे लिहिलेले. जुना चाळीस वॅटचा बल्बही साधारण तेवढाच प्रकाश देत असे. पण तो खोलीभर सांडे आणि हा एका अरुंद झोतात कोंबलेला, एवढाच काय तो फरक. यातला पांढरा प्रकाशही मुळात पांढरा नाही. आत निळा एलईडी असतो, त्यावर पिवळ्या स्फुरदीप्त द्रव्याचा लेप असतो आणि दोहोंच्या मिश्रणातून पांढरेपणाचा भास होतो. हा निळा एलईडी साधण्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या हाती मात्र त्या संशोधनाचे एक बटण आले आहे. ते दाबत गेले, की प्रखर, मध्यम, मंद आणि लुकलुकणारा असे चार प्रकार एकामागून एक येतात.

पहिल्या रविवारी पहाटे आम्ही सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर परीक्षा घेतली. एकीने सायकल चालवायची, दुसरीने शंभर पावलांवर उभे राहून पाहायचे, मग अदलाबदल. लुकलुकणारा प्रकाश लांबून चटकन ध्यानात येतो, हे खरे. पण तो दहा पावलांवर आहे की तीस, याचा अंदाज काही केल्या येईना. प्रखर प्रकाशात तर दिवा तेवढा दिसे, सायकलस्वार नाहीसा होई. मोतीबिंदू असलेली आणि नसलेली अशा दोघींचे डोळे एकाच निष्कर्षावर आले, याचे आम्हाला जरा समाधानच वाटले. शेवटी मध्यम प्रकार निवडला आणि दिवा एवढा झुकवला, की झोत पंधरा पावलांपुढे डांबरावर पडावा. वरच्या कडेला काळ्या चिकटपट्टीची छोटी झडप केली, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत काही जायला नको. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा, असा नियमच आहे. आपल्याकडे ते काम चिकटपट्टीवर सोडलेले आहे.

नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रस्त्याला वळले, की झाडांची दाटी सुरू होते. रस्त्यावरचे दिवे फांद्यांच्या वर आणि आम्ही खाली. इथे पहाटे झाडलोट करणाऱ्या एक बाई वर्षानुवर्षे आम्हाला भेटतात. 'भेटतात' असे म्हणायचे, कारण त्यांच्या खराट्याचा आवाज आला, की आम्ही घंटी वाजवून बाजूने निघून जात असू. नव्या दिव्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या जाकिटावरचे चंदेरी पट्टे चाळीसएक पावलांवरूनच उजळले. आम्ही वेग कमी केला. खराटा थांबवून त्या म्हणाल्या, "आता दिसता हो मॅडम तुम्ही. आधी नुसती घंटीच यायची." त्यांचा चेहराही आम्ही तेव्हाच प्रथम नीट पाहिला. आमच्या आयांच्या वयाच्या असाव्यात, अशी आमची इतके दिवस समजूत होती; त्या आमच्याहून लहान निघाल्या.

मोटारींचे काय, हा प्रश्न अर्थात उरतोच. आपल्या दिव्याने दुसऱ्याचे दिवे मंद होत नाहीत. पण रस्त्यावर स्वतःच्या उजेडाचा एक तुकडा असला, की समोरचा झोत टाळून त्या तुकड्यावर नजर खिळवता येते आणि वलयातही डाव्या बाजूची कड हरवत नाही. दिवा असलेली पुढे, तिच्यामागे सहा हात अंतरावर दुसरी, अशी रांग आम्ही ठरवली. सरळ येणाऱ्या झोतांचा मारा कर्वे रस्त्यावर सर्वाधिक. म्हणून तो जिथे टाळता येईल तिथे टाळून आतल्या गल्ल्या धरल्या. सहा मिनिटे अधिक लागतात.

मुदत संपली त्या संध्याकाळी घरी विचारणा झाली, "मग, काय दिवे लावलेत?" मराठीच्या प्राध्यापिकांच्या घरी हा वाक्प्रचार कुणाला चुकत नाही. एकच लावला होता, असे आम्ही सांगितले, आणि दुसऱ्या सायकलसाठी आणखी एक हवा आहे, हेही. तो परवा आला. सायकली विकण्याचा विषय जूनपर्यंत पुढे गेला आहे. ओल्या रस्त्यावर प्रत्येक दिव्याचे दोन होतात, तेव्हा पावसाळ्यात बसने जावे, हे आम्हा दोघींनाही मान्य आहे. डोळ्याची पुढची तपासणी मार्चअखेरीस.