कॅमेऱ्याचा पट्टा

कॅमेरा घ्यायला पैसे लागतात. तो अंगावर कसा बाळगावा हे ठरवायला मात्र अक्कल लागते, आणि ती कुठल्याही दुकानात हप्त्यावर मिळत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

मुठीत मावेल एवढा हा कॅमेरा मी घेतला तो काळविटांसाठी. आमच्या वाशीम जिल्ह्यात कारंज्याजवळ सोहोळचे अभयारण्य आहे. तिथे माझ्या मोबाईलने काढलेल्या फोटोत काळवीट गवतात सांडलेल्या तिळाएवढे येई, आणि मला तर त्याच्या शिंगांचे पीळ मोजायचे होते. कॅमेरा आला. खोक्यात मनगटात अडकवायची एक बारीक काळी दोरी होती. तिला गाठ मारून लांबवली आणि गळ्यात घातली. कॉलेजच्या फाटकावर एक विद्यार्थी अतिशय आदराने म्हणाला, ''सर, आज पी. टी. तुम्ही घेणार काय?''

मग शबनम. मराठीच्या प्राध्यापकाने शबनमवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? पण त्या झोळीत किल्ल्या, सुटी नाणी आणि न तपासलेल्या उत्तरपत्रिका पूर्वीपासून नांदत होत्या. चार दिवसांत पडद्यावर एक आडवा ओरखडा उमटला. तेव्हा मी रीतसर दुकानात जाऊन कॅमेऱ्याची पिशवी मागितली. मिळाली ती लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची, कप्प्याकप्प्यांची, काळी. तिच्यात माझा कॅमेरा सुटीत आजोळी आलेल्या भाच्यासारखा इकडून तिकडे हुंदडू लागला. शेजारच्यांनी तर विचारलेच, ''मास्तर, लग्नाच्या आर्डरी घ्याले लागले काय?''

''अहो, चष्म्याच्या डबीत बसतो का पाहा,'' असे सौभाग्यवतींनी सुचवले. बसत होता. पण मग चष्मा कुठे ठेवायचा?

मानोऱ्याकडच्या तांड्यावरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला हे कळले. तिने आपल्या आजीच्या हातची एक लहान पिशवी आणून दिली. लाल कापड, त्यावर दाट टाके, आरसे, काठाला कवड्या. वाहून नेण्याच्या कलेत बंजाऱ्यांना कोण शिकवणार? आगगाडी येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे मुलूखभर हिंडत. पोहरादेवीच्या यात्रेत अशा वस्तू मी पाहिल्या होत्या, पण हातात घेऊन टाके कधी पाहिले नव्हते. कॅमेरा तिच्यात अगदी गर्भासारखा बसला. मी मोठ्या दिमाखात सोहोळला गेलो. उन्हात आरसे चमकले, कवड्या वाजल्या, आणि कळप क्षितिजापलीकडे! काळविटाची नजर फार तीक्ष्ण असते. शिंगांचे पीळ राहिले. शेपट्या मात्र मोजता आल्या. ती पिशवी आता माझ्या टेबलावर आहे, आणि तिच्यात चष्मा असतो.

शेवटी आईच म्हणाली, ''बाबांचा पट्टा बघ की ट्रंकेत.''

बाबांकडे यशिका कॅमेरा होता. कॅमेरा केव्हाच बिघडून गेला, पण त्याची तपकिरी चामड्याची पेटी उरली होती. खाली एक स्क्रू. तो कॅमेऱ्याच्या बुडाशी पिळायचा, म्हणजे पेटी आणि कॅमेरा एकजीव. रोल बदलायचा झाला की स्क्रू सोडून कॅमेरा बाहेर काढावा लागे, आणि तेवढा वेळ रिकामी पेटी बाबांच्या गळ्यात लोंबत राही. रोल अकोल्याला धुवायला जाई. तेव्हा वाशीमही अकोला जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो 1998 साली. छत्तीसच्या रोलमध्ये बाबा अडतीस फोटो बसवत आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान!

आमच्या घरात प्रत्येक बारशाचे, मुंजीचे, सहलीचे फोटो आहेत. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधू लागलो, तर एकही नाही. कॅमेऱ्यामागे उभा राहणारा माणूस फोटोत येणार कसा? ट्रंक उपसता उपसता एक सापडला. नवा रोल घातल्यावर सुरुवातीचा एखादा फोटो वाया घालवायचा असतो. फिल्मच्या त्या टोकाला उजेड लागलेला असतो. तो वाया घालवायचे काम त्या दिवशी आईकडे आले असावे. फोटोची डावी बाजू पांढरीफटक जळलेली, आणि उजवीकडे बाबा, काहीतरी समजावून सांगताना, हात पुढे केलेला, गळ्यात रिकामी पेटी. तोच मोठा करून आम्ही लावला.

तर ती पेटी काढली. बुरशी पुसली. गंमत म्हणजे बुडाचा स्क्रू माझ्या नव्या कॅमेऱ्याला तंतोतंत बसला. पाव इंची आटे तेव्हाही होते, आजही आहेत. जगात इतके काही बदलले, हे कसे राहून गेले कोण जाणे. आत कॅमेरा सैल होता, म्हणून आईने फ्लॅनेलची घडी घातली. पट्टा मात्र वाळून तडकला होता. चौकातल्या मोचीदादांकडे नेला. त्यांनी तो वाकवून पाहिला, हुंगला.

''सर, कातडं मेलं आता हे. टाका धरीन, पण कातडंच तुटंन. नवीन बसवून देऊ काय?''

''नको. हाच हवा.''

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ''मंग आतून नायलॉनची पट्टी लावतो. वजन ते पेलंन. कातडं नुसतं दिसाले राहीन.'' टाके घालून झाल्यावर त्यांनी विचारले, ''हे खिळ्यानं पाडलेलं भोक कोनाचं? बुजवू?''

बाबा उंच होते, आणि पट्टा आखूड करायला त्यांनी स्वतःच ते भोक पाडले होते, कदाचित आईसाठी. मी ते बुजवू दिले नाही.

घरी आलो तेव्हा आईने पट्टा हातात घेऊन दोनदा ओढून पाहिला. कॅमेरा सोडवून स्वतःकडे घेतला आणि मला अंगणात उभे केले. पेटी माझ्या गळ्यातच होती.

''पहिला फोटो जळंन ना रे?''

''नाही गं. यात जळत नाही.''

तिने बटण दाबले. फोटोत माझे डोके कपाळापाशी कापले गेले आहे. पेटी पूर्ण आली आहे.