एका हंगामाचा कौल

आमची कुलदेवी गोमंतकात आणि आमचे बिऱ्हाड माळव्यात, हा योग तीन पिढ्यांपूर्वी जुळून आला. आजोबा संस्थानी नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि येथलेच झाले. त्यांचा एक नातू, म्हणजे आम्ही, देवासास राहिला आणि दुसरा, म्हणजे आमचा धाकटा भाऊ, धारेस. दोन्ही गावे पवारांची. देवासाला तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन गाद्या, एकाच गावात दोन राज्ये. गावावरच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. त्या सख्ख्या बहिणी असून एकदा त्यांचे आपसात बिनसले, अशी कथा येथे सांगतात. देवासच्या माणसाला घरातल्या घरात बिनसणे काही नवीन नाही, एवढेच आम्हांस यावरून सुचवावयाचे आहे.

आमचा भाऊ अकाली वारला. त्याच्या मुलाच्या शिक्षणाची आणि पुढील व्यवस्थेची जबाबदारी आमच्याकडे आली. भावाच्या फंडाची रक्कम आमच्या आणि मुलाच्या जोडनावाने बँकेत ठेवलेली होती. मुलगा शिकला, पिथमपूरच्या एका कारखान्यात लागला, पाळीपाळीने कामावर जाऊ लागला. आता घराची गच्ची दुरुस्त करावी, मुलगी पाहावी, असे वहिनींचे आणि आमचे बेत चालू असता, २०२५च्या जानेवारीत तो धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा दोन बसगाड्यांचा प्रवास करून आमच्यापुढे येऊन बसला व म्हणाला, "काका, बाबांच्या पैशांतले थोडे मला हवे आहेत. या वर्षी मला डार्ट्सच्या निवडस्पर्धा खेळायच्या आहेत."

वाचकांपैकी पुष्कळांना हा खेळ ठाऊक नसेल. आम्हांसही नव्हता. भिंतीवर एक गोल फळी टांगतात. ती घायपाताच्या धाग्यांची घट्ट दाबून केलेली असते, म्हणून बाण काढून घेतला की छिद्र आपोआप मिटते. फळीचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच, आणि फेकणाऱ्याची रेघ फळीपासून २.३७ मीटर दूर. फळीवर एकपासून वीसपर्यंत अंकांच्या फाका असतात; बाहेरचे अरुंद कडे दुपटीचे, आतले तिपटीचे. प्रत्येकाने ५०१ गुणांपासून आरंभ करावयाचा आणि तीन तीन बाण फेकून शून्यावर यावयाचे. मात्र शेवटचा बाण दुपटीच्या कड्यातच बसला पाहिजे, आणि शून्य अगदी नेमके आले पाहिजे. एका गुणाने जरी हिशेब पलीकडे गेला, तरी ती खेप फुकट.

पुतण्या हे सारे सांगत होता. वीसच्या फाकेच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस पाच ठेवलेले आहेत, हे त्याने सांगितले तेव्हा प्रथमच आमचे लक्ष वेधले. थोर फळाच्या दोन्ही अंगांना क्षुद्र फळे मांडून ठेवणारा जो कोणी होता, त्यास मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

"पण यात पोट भरते का?" आम्ही विचारले.

तेव्हा त्याने आम्हांस या व्यवसायाची रचना समजावून दिली. इंग्लंडात १९९२ साली काही खेळाडूंनी जुन्या संघटनेपासून फारकत घेतली आणि तीतून आजची व्यावसायिक संघटना उभी राहिली. तिच्या फिरत्या स्पर्धांत खेळण्याचा परवाना जगात फक्त १२८ जणांस असतो. वर्षाच्या आरंभी जानेवारीत निवडीची एक मोठी कसोटी होते. तीत इंग्लंडात आणि युरोपात शेकडो माणसे उतरतात, आणि परवाना थोड्यांच्याच हाती पडतो. तो दोन वर्षांचा असतो. पुढे गुणवत्तेची यादी लागते ती जिंकलेल्या रकमेवर, आणि तीही केवळ मागील दोन वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी मिळविलेले पैसे तारीख उलटली की यादीतून गळून पडतात. पहिल्या चौसष्टांत जो राहिला तो राहिला. इतरांनी पुन्हा जानेवारीच्या दारात उभे राहावयाचे.

हे ऐकून आम्हांस आपल्याकडील स्वर्गाची व्यवस्था आठवली. तेथेही पुण्याचा साठा असेतोवर मुक्काम, आणि तो सरला की मर्त्यलोकी परत येणे क्रमप्राप्त. फरक इतकाच की इंद्राच्या दरबारात पुण्याचा खातेउतारा रोज प्रसिद्ध होत नाही.

परदेशातील ही कसोटी पुतण्याच्या आवाक्याबाहेरची होती, आणि हे त्यास ठाऊक होते. त्याचे लक्ष देशातल्या स्पर्धांवर आणि भारताला जागतिक अजिंक्यपदासाठी मिळणाऱ्या जागेच्या निवडीवर होते. त्यासाठी वर्षभर गावोगाव प्रवास, चांगले बाण आणि बिनपगारी रजा, असा खर्च त्याने वहीच्या पानावर व्यवस्थित मांडून आणला होता. बेरीज बरोबर होती. आम्ही तीन वेळा तपासली. चूक सापडती तर बरे झाले असते.

वहिनींनी मात्र निर्णय आमच्यावरही सोडला नाही आणि मुलावरही नाही. "भावजी, देवीला कौल लावूया. पळोवया, देव कितें म्हण्टा तें," असे त्या म्हणाल्या. त्या महिन्यात त्या आणि आम्ही गोमंतकात गेलो. कौलाचा प्रकार आपल्या वाचकांस सांगावयास नको. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, भटजी गाऱ्हाणे घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्याचा मजकूर आम्हीच सांगितला होता: "या मुलाने हा नाद सोडून प्रपंचास लागावे, हेच त्याच्या हिताचे ना?"

पाकळी पडेना. डावी नाही, उजवी नाही. समईच्या वाती एकदा सारून झाल्या, मागे उभ्या असलेल्या मंडळींची चुळबूळ सुरू झाली, तरी देवी स्तब्ध. अखेर वृद्ध भटजी आमच्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "प्रश्न थोडा वाकडा झाला. सरळ करून पुन्हा विचारा."

आम्ही पुन्हा विचारले नाही. उशीर झाला आहे, गाडीची वेळ झाली आहे, असे काहीतरी बोलून तीर्थ घेतले आणि बाहेर आलो. खरे कारण निराळे होते. सरळ प्रश्नास सरळ होकार मिळाला तर काय करावे, याची आम्हांस भीती वाटली.

घरी आल्यावर आम्ही स्वतःच न्यायाधीश झालो. पुतण्यास सांगितले, एक वर्ष. पैसे देतो. या वर्षात निवड झाली तर पुढचे पुढे पाहू. न झाली तर हा विषय पुन्हा या घरात निघावयाचा नाही. त्याने मान लवविली आणि आमच्या पायांस हात लावला. आपण फार उदार झालो, असे त्या वेळी आम्हांस वाटले होते, हे येथे कबूल करतो.

त्या हंगामाचे वर्णन आम्ही काय करावे? धारेच्या वाड्यातल्या मधल्या खोलीत रात्रपाळी संपवून आलेला मुलगा पहाटेपासून बाण फेकी. वहिनी म्हणत की, आता देवघरातल्या घंटेपेक्षा फळीचा ठक्‌ ठक्‌ आवाजच घरात अधिक ऐकू येतो. धार जिल्ह्यातले भिल्ल धनुष्याची दोरी ओढताना अंगठा लावीत नाहीत. एकलव्याच्या दक्षिणेची ती आठवण, असे मानतात. पुतण्याच्या कारखान्यात त्या समाजाचा एक सोबती होता. तो एकदा घरी येऊन हा खेळ पाहून गेला आणि म्हणाला, "हात चांगला आहे, पण सोडताना तू फळाकडे पाहत नाहीस, फळाच्या शेजारी पाहतोस." पुतण्याने हे आम्हांस दूरध्वनीवरून सांगितले, तेव्हा तो हसत होता. आम्हांस मात्र एक आणि पाच हे आकडे आठवले.

त्याने त्या वर्षी काही सामने जिंकले, काही हरला. अखेरच्या निवडस्पर्धेत तो बराच पुढे गेला. निर्णायक डावात त्याचे ३२ गुण उरले होते आणि हातात तीन बाण होते. सोळाची दुप्पट लागली की काम फत्ते. पहिला बाण तारेच्या बाहेर लागला. दुसराही बाहेर, पहिल्याला चिकटून. तिसरा आत शिरला आणि साध्या सोळात रुतला. उरले सोळा, म्हणजे आठाची दुप्पट. पण ती मारावयाची पाळी त्याच्यावर पुन्हा आली नाही. प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्याच बाणाला डाव संपविला.

दुसऱ्या आठवड्यात तो देवासास आला. जुन्या धोतरात गुंडाळलेली फळी त्याच्या काखेत होती. ती त्याने आमच्या कोठीच्या खोलीत, धान्याच्या डब्यांमागे ठेवली. "घरात राहिली तर हात जातो," एवढेच तो बोलला. उरलेल्या पैशांचा हिशेब पैशापैशासह आमच्यापुढे ठेवून तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. अट त्याने पाळली. आम्हांस समाधान वाटावयास हवे होते.

मग डिसेंबर आला. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. त्या खेपेस प्रथमच १२८ खेळाडू घेतले होते आणि विजेत्यास दहा लाख पौंड मिळावयाचे होते. पुतण्या त्या दिवशी आमच्याकडेच होता. खेळाचा विषय त्याने काढला नाही, आम्हीच, कोण जाणे का, म्हणालो, "आपला कोणी आहे का रे त्यात?"

"नितीन कुमार आहे," तो म्हणाला, आणि भ्रमणध्वनी मध्ये ठेवून आम्ही दोघे पाहत बसलो.

नितीन कुमार या स्पर्धेत प्रथम उतरला तो २०१८च्या डिसेंबरात. त्यानंतरही तो तेथे गेला होता, आणि प्रत्येक खेपेस पहिल्याच फेरीतून परतला होता. कोणत्याही भारतीयाने त्या मंचावर एकही सामना जिंकलेला नव्हता. समोर होता हॉलंडचा रिचर्ड वीनस्ट्रा. सामना शेवटच्या संचापर्यंत गेला, आणि तीन विरुद्ध दोन संचांनी नितीन कुमार जिंकला. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते आम्हांस दिसू नये म्हणून तो उठून ओसरीवर गेला.

आम्ही मात्र बोटांवर मोजत बसलो. २०१८ ते २०२५, म्हणजे सात वर्षे. सात वर्षांत त्यास घरच्या कोणी "एक वर्ष" असे सांगितले असते तर?

हे मोजत असता आम्हांस आमच्याच गावाची एक गोष्ट आठवली. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासास आले. हवा कोरडी, म्हणून आले. गाणे बंद. पाचएक वर्षे तो कंठ मिटलेला होता, आणि त्या मिटलेल्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीते कानांत साठविली. १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा ते गाणे पूर्वीचे राहिले नव्हते. देवासच्या मातीतून उगवलेले नवेच काही झाले होते. त्यांची कीर्ती सांगताना आम्ही देवासकर थकत नाही. पण त्या पाच वर्षांत कोणाला ठाऊक होते, की हे गाणे परत येणार आहे? परक्याच्या प्रतीक्षेचे कौतुक करणे सोपे असते. आपल्या घरातील मुलाला मात्र आम्ही बारा महिने मोजून दिले. ज्या धंद्याला आम्ही निष्ठुर म्हणत होतो, तोदेखील परवाना देताना दोन वर्षांचा देतो आणि हरलेल्यासाठी दर जानेवारीस दार उघडे ठेवतो.

जानेवारीत पुतण्या संक्रांतीस आला. आम्ही बँकेचा कागद सही करून तयार ठेवला होता. तो त्याच्यापुढे सारला आणि म्हटले, "आमची अट चुकली. तू पाळलीस, पण ती अट घालणे आम्हांस शोभले नाही. हे घे."

त्याने कागद वाचला, घडी घातली आणि परत आमच्याकडे दिला. "काका, पैसे गच्चीला लावू. आई दोन पावसाळे ओल सोसते आहे. माझे प्रवासाचे मी पगारातून पाहीन. मला दोन वर्षे द्या, एवढेच."

सरळ प्रश्न असा असतो, हे आम्हांस तेव्हा कळले. त्यास कौल लावण्याची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीतून फळी निघाली. धोतराची गाठ सौभाग्यवतींनीच सोडली. फळी आमच्या ओसरीवर टांगावयाची ठरले, म्हणजे तो देवासास येईल तेव्हा हात मोकळा राहील. पुतण्याने फीतीचे एक टोक जमिनीशी आमच्या हाती दिले आणि दुसरे भिंतीवर चढविले. १.७३ मीटरवर खूण केली. मग २.३७ मीटरवर खडूने रेघ ओढली. गुडघे दुखत होते, तरी फीत सरळ धरून आम्ही खाली बसलो होतो. "काका, थोडी वाकडी होते आहे," तो वरून म्हणाला.

आम्ही ती सरळ केली.