थोरल्याचं काय?

धाकट्यानं बाप जिवंत असतानाच हिस्सा मागून घेतला, परमुलखात जाऊन उडवला आणि डुकरं राखायची पाळी आली तेव्हा त्याला घर आठवलं. बापानं लांबूनच ओळखलं आणि धावत जाऊन गळ्यात पडला. लूकच्या शुभवर्तमानातली (अध्याय १५) ही गोष्ट मी नशिराबादला एका ओट्यावर सांगितली. केळीच्या भावाची चर्चा नुकतीच संपली होती. मूळ गोष्टीत बाप पुष्ट वासरू कापायला लावतो. तिथं तसं म्हणायची माझी छाती झाली नाही, मी जेवणावळ म्हटलं.

वाटलं होतं, क्षमेवर कोणी बोलेल. एक म्हातारबा म्हणाले, "अन् थोरल्याचं काय? धाकला तर आपला हिस्सा घेऊन मोकळा झाला. मग राहिलेलं वावर थोरल्याचंच ना? जेवणावळ कोणाच्या हिश्शातून घातली?"

वाटणीचे दावे पाहिलेल्या माणसानं नेमकी मेख धरली होती. बापही थोरल्याला हेच सांगतो, की माझं आहे ते सगळं तुझंच. येशू पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते. गोष्ट त्यांना सांगितलेली. म्हणजे थोरला समोरच बसलेला! आणि बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो तिथंच ती थांबते. तो आत गेला का, लूक सांगत नाही.

आपल्याकडे महानुभाव पंथाच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत जुळवले ते सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक (म्हणजे दृष्टांताचा उलगडून सांगितलेला अर्थ) अशा तिहेरी बांधणीत. हत्ती चाचपणारे आंधळे येऊन गेले की त्याचा अर्थही पदरात पडतो. श्रोता चुकू नये ही त्यामागची काळजी मला कळते. पण लूकच्या गोष्टीला दार्ष्टांतिक जोडलं असतं तर म्हातारबांना विचारायला काही उरलंच नसतं.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) हीच अडचण आहे. ती कादंबरी, पण तिच्या पोटात विधवांच्या छोट्या छोट्या कहाण्या आहेत. यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. स्वतः ख्रिस्ती झालेल्या बाबांना हा शेवट महत्त्वाचा वाटला असणार. मला तो आधीच ठरवून ठेवल्यासारखा वाटतो. वाटेत भेटलेल्या त्या बायकांना मात्र बाबांनी कोणतंच उत्तर द्यायला लावलेलं नाही, आणि पुस्तक आजही वाचवतं ते त्यांच्यामुळे.