मशीद स्थानकाजवळची यादी: गणवेश नसलेल्या दर्यावर्दींचे युद्ध

१/ खानदेशाला समुद्र नाही. त्याचा कापूस मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ समुद्र ओलांडत आला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना आणि इकडे जळगाव-धुळ्याच्या काळ्या मातीला भाव आला. दूरचे युद्ध घरापर्यंत येते ते जहाजांच्या वाटेने. ती जहाजे चालवणारी माणसे कोण होती?

२/ १६ ऑक्टोबर १९१४. मुंबईच्या बंदरातून भारतीय फौज घेऊन जहाजांचा ताफा इराणच्या आखाताकडे निघाला. ६ नोव्हेंबरला फौज फाव येथे उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आले. ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलाकडे वळत होते आणि अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना जवळच होता. मोहिमेमागचे हे एक मोठे कारण.

३/ संरक्षणाला युद्धनौका होत्या. पण माणसे, जनावरे आणि रसद वाहणारी बहुतेक जहाजे व्यापारी कंपन्यांकडून भाड्याने घेतलेली होती. त्यांवरचे खलाशी सैनिक नव्हते. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, हातात बंदूक नव्हती. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५० हजार भारतीय काम करीत होते.

४/ मुंबईच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी प्रामुख्याने रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल. खाली भट्टीसमोर आगवाला आणि कोळसेवाला, स्वयंपाकघरात भंडारी, प्रवाशांच्या सेवेला बहुधा गोव्याचे ख्रिस्ती. काम तेच, धोका तोच. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फारच तुटपुंजा.

५/ जहाजांच्या पोटात आटा, डाळ, तूप, वैरण, दारूगोळा. बसऱ्याला आरंभी धड धक्काही नव्हता. जहाजे नदीत नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांत उतरवला जाई. पुढचा प्रवास तैग्रिस नदीने, आणि नदीत चालतील अशा आगबोटींचा सतत तुटवडा. मुंबईहून निघालेले धान्य बसऱ्यापर्यंत पोहोचे. आघाडीपर्यंत पोहोचेलच असे नव्हे.

६/ याची किंमत कुत-अल-अमारा येथे मोजावी लागली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तेथे सहाव्या (पुणे) डिव्हिजनला वेढा पडला. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. शिधा घटत गेला, पुढे घोडे कापून खाण्याची वेळ आली. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री 'जुलनार' ही आगबोट सुमारे २७० टन रसद घेऊन वेढा भेदायला निघाली आणि वाटेतच अडकली. तिचा वाटाड्या चार्ल्स काउली हा मूळचा व्यापारी आगबोटींचा कप्तान. तो मारला गेला. पाच दिवसांनी कुत शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली.

७/ १९१७ मध्ये चौकशी आयोगाने वाहतूक आणि वैद्यकीय व्यवस्थेच्या दुर्दशेवर कठोर ठपका ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. सैन्य पराक्रमाने लढते हे खरे. पण ते आट्याच्या पोत्यांवर जगते, आणि ती पोती कुणाच्या तरी पाठीवरून जातात.

८/ याच युद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज घेतले. ते 'लॉयल्टी' या नावाने भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज झाले. युद्धानंतर वालचंद हिराचंद आदींच्या सिंदिया कंपनीने ते विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. त्याच दिवसाची आठवण म्हणून भारतात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. जहाजाचे नाव इतिहासात राहिले. त्याच्या भट्टीत कोळसा ओढणाऱ्यांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत.

९/ तरी काही नावे उरली आहेत. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या २,००० हून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांचीही तेथे नोंद आहे. त्यांत व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,००० जण.

१०/ भुसावळ-जळगावहून मुंबईला जाणारी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागण्यापूर्वी मशीद स्थानकावरून पुढे सरकते. सामान आवरण्याच्या घाईत डब्यातल्या कुणाचे तिकडे लक्ष जात नाही. ती यादी तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.