सातबाऱ्यावरून नाव कमी करण्याआधी

कुकडी प्रकल्पाचे पाणी आले आणि जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो उभे राहिले. रानाला मोल आले, तशी घराघरांत वाटणीची घाईही आली. या घाईत साठी ओलांडलेले आईवडील मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होतात. ते त्यांनी करू नये, असे माझे ठाम मत आहे. जमीन हयातभर आपल्या नावावर राहू द्यावी आणि मृत्युपत्र करावे. बक्षीसपत्राचा मोह आहे तो स्वस्ताईचा. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहते घर मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस दिले तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. पण मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही आणि त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. मागे राहिलेल्यांना सरकार कर लावील ही भीतीही खरी नाही. संपदा शुल्क 1985 सालीच रद्द झाले आणि वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या जमिनीवर मिळतेवेळी आयकर लागत नाही. उलट बक्षीसपत्राचा फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरचे नाव जाते. त्याच्याबरोबर सोसायटीचे पीककर्ज जाते, पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये जातात आणि दुखण्याखुपण्यात ती जमीन विकण्याचा अधिकारही जातो. नोंदवलेले बक्षीसपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्ध शाबूत आहे तोवर कितीही वेळा बदलता येते.

यावर पहिला आक्षेप असा की मृत्युपत्रावरून भावंडे कोर्टात जातात. जातात, पण बक्षीसपत्रावरूनही जातात. मृत्युपत्रासाठी कायद्याला दोन साक्षीदार हवे असतात. ते आपल्यापेक्षा वयाने लहान आणि वाटणीत हितसंबंध नसलेले निवडावेत, डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरीही येऊ शकतो. अडचण खरी आहे ती वडिलोपार्जित जमिनीची. तिथे आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. मुलींना जन्मतः समान हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये दिला, त्यामुळे सगळे रान मुलांना लिहून दिल्याने लेकीचा हिस्सा बुडत नाही. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांची गोष्ट निराळी. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही, म्हणून लेकीला काही द्यायचे असेल तर तिथे लिहून ठेवणे अधिकच गरजेचे आहे.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे: पोटच्या पोरांवर अविश्वास दाखवायचा का? मी याला अविश्वास म्हणणार नाही. मुलगा चांगला असला तरी तो कर्जात बुडू शकतो, आईवडिलांच्या आधी जाऊही शकतो, आणि मग जमीन भलत्याच्याच हाती पडते. तरीही हयातीत द्यायचेच असेल, तर अन्न, निवारा, औषधोपचार देण्याची अट बक्षीसपत्रातच लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करू देते. अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. पण त्या खटल्यात मुलाने सांभाळण्याचे वचन दिल्याचा लेखी आधार पुढे आला होता. तोंडी शब्दावर विसंबू नये.

ज्यांनी नाव आधीच कमी केले आहे, त्यांनीही गप्प बसू नये. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांसाठीचे प्रांत कार्यालय मंचरला आहे. तिथे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहाचा अर्ज स्वतः करता येतो, वकील लागत नाही. मात्र या कायद्याने मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे.